राजवाड्याच्या ओट्यावरचे बिबडे

वरणगावहून बदली झाली आणि आम्ही जुन्या जहागीरदारांच्या राजवाड्याशेजारी राहायला आलो. राजवाडा कायम बंद. त्याची बाग नगरपालिकेकडे, आणि बागेभोवती आमच्या वसाहतीच्या इमारती. गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आणि सोलर, त्यामुळे वाळवणाला जागाच नाही. बागेतला, राजवाड्यासमोरचा दगडी ओटा मात्र सकाळपासून तापतो. सरदारमंडळी जिथे हवा खात बसायची, तिथे उन्हाळ्यात आमचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळतात. मला त्यात काही गैर वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या अक्का आणि मी सकाळीच पीठ शिजवून ओल्या साड्यांवर वर्षभराचे बिबडे थापले. ते जरा ओले असतानाच साडी उलटून, मागून पाणी मारून सोडवायचे. पार कडक झाले की तुकडेच हाती येतात. मधल्या वेळेत आम्ही स्वयंपाकाला घरी गेलो. परत आलो तर बागेच्या फाटकाला कुलूप, आणि नवा रखवालदार आत लिंबाखाली बसलेला.

“दुपारी बाग बंद राहते. पाटी वाचा.”

“पाटी कधी लावली?” मी विचारलं.

“आत्ताच.”

अक्कांचा पारा चढला. “भाऊ, आमना बठ्ठा बिबडा वाया जाई राहिनात! उघड ना!”

“अक्का, आतमा कोणले सोडता येत नई. नियम शे.”

“मंग तूच सोडाव!”

तो खरंच उठला. ओट्यावर जाऊन त्याने साडी उलटली, बादलीभर पाणी एकदम ओतलं आणि एक बिबडा खसकन ओढला. अर्धा हातात, अर्धा साडीवर.

“हळू! कातडं सोलतोस का?” अक्का गजांना धरून ओरडल्या.

दुसराही फाटला, तिसराही. चौथा फाटेपर्यंत ओट्याखाली चिखल झाला. मी एवढंच म्हणाले, “आता साहेबांना सांगा, बागेत चिखल कोणी केला.”

त्याने ओट्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं आणि किल्ली घेऊन आला. “लवकर आटपा बाई.”

तोवर एक साडी पार वाया गेली होती. बाकीच्या सगळ्या आम्ही नीट सोडवल्या. फाटलेले ओले तुकडे अक्कांनी शेंगदाण्याच्या तेलात बुडवून त्यालाच खायला दिले. त्याने आवडीने खाल्ले.

पाटी अजून तिथेच आहे. पण दुसऱ्या दिवशी सोडवलेले बिबडे कडक वाळवायला आम्ही ओट्यावर गेलो, तर उन्हाची चांगली बाजू आधीच अडवलेली. रखवालदाराची बायको बिबडे थापत बसली होती.