झाकण नसलेला कॉम्प्युटर

मामांना आवरायचा रोग होता. दुसऱ्याच्या घरी गेले तरी हात शिवशिवायचे. थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे, चार दिवस राहायला आले, तर पहिल्याच सकाळी त्यांच्या नजरेला कोपऱ्यातला कॉम्प्युटर खुपला. डब्याची एक बाजू सताड उघडी, आतल्या वायरी बाहेर लोंबताहेत आणि समोर टेबलफॅन, तापाने फणफणलेल्याला वारा घालावा तसा. झाकण कपाटामागे धूळ खात उभं.

ताई भाजी आणायला गेली होती. मामांनी झाकण पुसलं, वायरी आत कोंबल्या आणि स्क्रू असे आवळले, की डब्याने पुन्हा तोंड उघडायची हिंमत करू नये.

दुपारी ताईने बटण दाबलं. कॉम्प्युटर घुरघुरला, दोनदा टुकटुकला आणि गप्प झाला.

"मी फक्त झाकण लावलं," मामा म्हणाले.

"लहानपणी बाबांच्या घड्याळालासुद्धा तू फक्त किल्लीच दिली होतीस," ताई म्हणाली आणि खुर्चीत बसून राहिली. रागावली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

ताईची उभी हयात टेलिफोन ऑफिसात गेली. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड. कुणाच्या तरी आईला कुणाच्या तरी मुलाशी जोडून द्यायचं आणि वेळ संपली की मध्ये तोंड घालून तसं सांगायचं. पलीकडे कुणी रडत असलं, की हिचं घड्याळाकडे हमखास दुर्लक्ष व्हायचं आणि त्यासाठी साहेबांची बोलणी खावी लागायची. आता ती निवृत्त, नवरा गेलेला आणि एकुलता एक मुलगा सातासमुद्रापार. त्याचा रोज सकाळी मोबाइलवर एक अंगठा यायचा. ताईने काहीही लिहिलं तरी अंगठाच. "कामात आहे, मग बोलतो," असंही कधीकधी यायचं. ते 'मग' काही उजाडत नसे. मागे ती आठवडाभर तापाने आडवी होती, तेव्हा "डॉक्टरला दाखव" एवढं आलं होतं.

कॉम्प्युटरचं मात्र तसं नव्हतं. तो त्याने शिकत असताना सुटे भाग जमवून स्वतः जोडला होता. तो बंद पडला असं कळवलं, की त्याच संध्याकाळी फोन वाजे. आईचं दुखणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं, कॉम्प्युटरचं दुखणं आवाक्यातलं. बिचारा तरी काय करणार!

त्या संध्याकाळीही वाजला. ताईने स्पीकर लावला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन झाकण काढलं.

"आई, रॅम काढ. ती लांब पट्टी. खोडरबर घे."

"घेतलंय." ते फोनशेजारी आधीच काढून ठेवलेलं होतं.

"पिवळ्या दातांवरून हलकेच फिरव. आता परत बसव. दोन्हीकडून टक् झालं पाहिजे."

टक् झालं. बटण दाबलं. घुरघुर, टुकटुक, गप्प.

"असं कसं?" भाचा पहिल्यांदाच गोंधळला. "पंखा फिरतोय का?"

ताईने डब्यात डोकावून पाहिलं. "फिरतोय."

"कुणी हात लावला होता का?"

मामांनी जोरजोरात मान हलवली. "नाही रे," ताई म्हणाली.

मग तो म्हणाला, "आज राहू दे. उद्या परत फोन करतो. एकेक वायर नीट बघू, घाई नको. तू जेवलीस का?"

ताईच्या हातून खोडरबर पडलं. "हो," म्हणाली. जेवली नव्हती.

अपराधी माणसाला झोप कुठली! सकाळी ताई न्हाणीघरात गेल्याबरोबर मामांनी डब्यात टॉर्च मारला. मागचा मोठा पंखा ठीक होता. पण आत, मधोमध आणखी एक छोटा पंखा होता आणि त्यांनीच कोंबलेली एक वायर त्याच्या पात्यांत रुतून बसली होती. मामांनी बोटाने ती उपसली, बटण दाबलं. पंखा भिरभिरला, पडदा उजळला. त्यावर भाच्याचा शाळेतला, दात पडलेला फोटो.

"ताई! अगं ये लवकर, झाला सुरू!" मामांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. "कळव त्याला. म्हणावं, आता फोनबिन करायची काही गरज नाही!"

ताई केस पुसत दारात उभी राहिली. पडद्यावरच्या फोटोकडे तिने पाहिलं, मग मामांच्या बोटातल्या वायरीकडे.

"होती तिथे अडकव ती परत."