मागून जरा जड

आधीच सांगते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी मला शिकवायला येऊ नये — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की लोक वळसा घालतात, मी सरळ त्याच्यावरून जाते. नणंद म्हणते, "वैनी, तुम्हाला कधीतरी नडेल बघा." अजून तरी नडलं नव्हतं. हा ग्रुप मी वाचते तोसुद्धा दुपारी जेवण झाल्यावर टाइमपास म्हणून, आणि निम्मे अनुभव वाचून हसते. तेव्हा आज माझ्यावर कुणी हसलं तर हसू दे... पण जे घडलं ते दिवसाउजेडी घडलंय आणि मी पूर्ण शुद्धीत होते.

आम्ही सोलापूरचे. सात रस्त्यापासून थोडं आत आमचं घर. मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. मिस्टर ट्रकवर असतात, आज बंगळूर तर उद्या नागपूर. एकुलती एक मुलगी, गौरी. तिला कुंभारीच्या बाजूला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली. पोरगी नाचायचीच बाकी राहिली होती. पण ह्यांनी फोनवरच फाटे फोडायला सुरुवात केली. "तिकडं टमटममध्ये कोंबून जायचं? काही गरज नाही. तू स्वतः नेऊन सोडणार असशील तर घाल, नाहीतर इथंच जवळच्या कॉलेजात जाऊ दे."

मला आला राग. मी म्हटलं, "सोडते. मीच सोडते रोज."

आणि मी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं! पण बोलून बसले. आता माघार घेतली असती तर पोरीचं नर्सिंग गेलं असतं, आणि ह्यांना वर "बघ, मी म्हटलं होतं" म्हणायला मिळालं असतं.

सगळे म्हणाले, बाईमाणूस आहेस, स्कूटी घे की. जुन्या स्कूट्या बघितल्या, एकजात खटारे. शिवाय मला कापडाचे गठ्ठे न्यायचे असतात, आणि त्या रस्त्याला मोठं चाक बरं. शेवटी माझ्या धाकट्या भावानं, महेशनं, मोहोळजवळच्या एका पोराची जुनी मोटरसायकल शोधून काढली. छोटीच, काळी, सीट नवीन. पोराचं नाव धनाजी. त्याला मोठी गाडी घ्यायची होती म्हणून ही काढत होता. महेश चक्कर मारून आला, धनाजी मागे बसून रस्ता दाखवत होता. "अक्का, इंजिन मक्खन हाय," महेश म्हणाला. धनाजीनं चावी माझ्या हातात देताना एवढंच सांगितलं, "ताई, गाडीला काय बगायचं काम न्हाय. फकस्त मागनं जरा जड वाटंल. सवय हुती."

मी मान हलवली. मला काय कळतंय? सगळ्याच जड वाटणार होत्या.

महेशनं मला मागे बसवून गाडी सोलापूरला आणली. दारात चाकाखाली लिंबू ठेवायला लागला तर मी ते उचलून सरबताला घेतलं. त्यावरून दोन दिवस तोंड पाडून बसला होता.

मग शिकणं सुरू झालं. सकाळी मोकळ्या मैदानात मी पुढे, महेश मागे, आणि त्याचं सतत ओरडणं — "क्लच सोड! हळू सोड! अगं अक्का, माणूस हायेस का कोण!" पहिले काही दिवस गाडी बेडकासारखी उड्या मारायची. मग जमायला लागलं. एका सकाळी महेश गुपचूप उतरला आणि मला पत्ताच नाही. मी मैदानाला अख्खा फेरा मारून आले तर हा कडेला उभा राहून टाळ्या वाजवतोय. मी इतकी खूश झाले... म्हटलं, "तू उतरलास तरी मला काही फरक पडला नाही बघ! गाडी आहे तशीच!" तो म्हणाला, "तू तर माझी उस्ताद निघालीस."

दोघंही हसलो तेव्हा. आता माझं ते "गाडी आहे तशीच" आठवलं की अंगावर काटा येतो.

लायसन्स निघालं. मी गल्लीत, बाजारात, एकटीनं गाडी न्यायला लागले. वळणावर माझ्या आधीच गाडी बरोब्बर कलायची. समोरच्या मावशी म्हणायच्या, "काय गं, जन्मापासून चालवतेस का?" मी पण फुगले होते. मला वाटायचं, माझ्यात उपजतच आहे हे. ॲडमिशनचं घोळत घोळत थंडी आली होती आणि सोमवारपासून कॉलेज सुरू होणार होतं.

त्याच्या आदल्या शुक्रवारी महेशची गाडी गॅरेजला होती, म्हणून तो दुपारी माझी घेऊन गेला. एकटा. अर्ध्या तासात परत आला तो गाडी ढकलत. भर उन्हात घामानं निथळलेला. मला वाटलं पेट्रोल संपलं.

"अक्का, मागं कोण बसलं होतं?"

"कधी?"

"आत्ता! मी निघालो तेव्हा कोण चढलं? मला वाटलं गल्लीतलं कुणी टवाळकी करतंय. सात रस्त्याच्या सिग्नलला मागं वळून बघितलं तर कुणी न्हाय. आणि गाडी तशीच! दोन माणसं असल्यासारखी!"

मी त्याला वेड्यात काढलं. "अरे, ती मागून जड आहेच. धनाजी म्हणाला नव्हता का? कायमची तशीच चालते."

 महेश हळू आवाजात म्हणाला, "अक्का... कुठलीच गाडी तशी नसती."

मी ऐकणारी आहे का? वाद घातला. शेवटी तो संध्याकाळी गॅरेजमधून सुटलेली त्याची स्वतःची गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "बस. एकटी जा गल्लीच्या टोकापर्यंत."

मी बसले. गिअर टाकला... आणि गाडी माझ्या अंगाखालून निसटायलाच लागली. मागे काहीच नव्हतं. हँडल डुगडुगलं, मी गटारात जाता जाता वाचले. पाय टेकून उभी राहिले.  एकटीनं गाडी चालवणं म्हणजे काय असतं, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं होतं. इतके दिवस मी एकटी नव्हतेच.

तरी मी लगेच भूतबित म्हणायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला दाखवली. शॉकअप, टायर, चेन, सगळं बघितलं त्यानं. म्हणाला, "वैनी, गाडी टकाटक आहे." मग मी धनाजीला फोन लावला आणि सरळ विचारलं, "जड वाटेल म्हणालास, ते कशामुळं?"

"कशामुळं म्हंजी? तशीच असती की गाडी."

"तुझ्या आधी कुणाची होती?"

"काय ठावं न्हाय ताई. जुन्या गाड्यांच्या यार्डातनं घेतल्याली. माझी पयलीच गाडी. तिच्यावरच शिकलो की."

"आणि आता नवीन घेतलीस ती? ती पण जड आहे का?"

 "न्हाय... ती लई हलकी हाय. परवा पडलो की तिच्यावरनं."  आणि मग एकदम, "ताई, गाडी परत घेनार न्हाय हां मी," आणि फोन कट.

महेशनं माझ्यापुढं हात जोडले. "अक्का, गौरीला त्या गाडीवर बसवू नको. लिंबू तर ठेवू दिलं न्हाईसच." दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. त्याची गाडी त्याला कामावर लागायची. ह्यांना सांगावं तर आयतं कारण मिळणार आणि नर्सिंग बंद. आणि न सांगावं तर — जिथं माझी पोरगी बसणार तिथं आधीच कुणीतरी बसलेलं. रविवारभर मी शिवणात चुका करत होते. एका शर्टाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. गौरी मात्र बॅग भरत होती, पांढऱ्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला काहीच बोलवत नव्हतं.

सोमवार उजाडला. मी गाडी दारात काढली, स्टँडवरून उतरवली, पण बसले नाही. हँडल धरून बाजूला उभी राहिले. भीती होतीच, पण खरं सांगू, मला राग जास्त आला होता. मी त्या रिकाम्या सीटकडे बघून बोलायला लागले. समोरच्या मावशी सडा टाकता टाकता थांबल्या, तरी थांबले नाही मी.

"हे बघ, तू बाई आहेस का बुवा आहेस, मला घेणंदेणं नाही. इतके दिवस बसलास, मला कळलं नाही, बसलास तर बसलास. पण आता इथं माझी लेक बसणार आहे. तिच्या वाटेला जायचं नाही. चल, उतर खाली!"

आणि मागचा शॉकअप कुरकुरला. सीट माझ्या डोळ्यांसमोर बोटभर वर आली. कुणी मागून उतरलं की येते ना, तशीच. माझ्या हातात हँडल होतं, मला ते हातालाही जाणवलं. 

"मम्मी, कुणाशी भांडतेस?" गौरी डबा घेऊन बाहेर आली.

"गाडीशी. बस."

निघालो. मी मनातल्या मनात म्हणत होते, गेलं. उतरलं. गाडी मागून जडच होती, पण म्हटलं ही तर गौरीच आहे, माझीच लेक. शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, मी थोडी सैल झाले. गौरी काहीतरी बडबडत होती, हॉस्टेलच्या मुली कशा असतील, ॲनाटॉमीची मॅडम कशी असेल...

कुंभारीच्या अलीकडे डाव्या हाताच्या शेतातून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट एकदम रस्त्यावर आला. बघणं नाही, हॉर्न नाही. मी नवशिकी — नवशिके जे करतात तेच केलं. पुढचा ब्रेक गच्च दाबला आणि त्याच हातानं ॲक्सिलरेटरही पिळला. घाबरून ब्रेक सुटला आणि गाडी पिसाळल्यासारखी पुढे उसळली. उजवीकडे वळवली, ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याला घासून गेलो आणि डांबरावरून खाली साइडपट्टीच्या खडीत आदळलो. मागून गौरी किंचाळली. तिचा माझ्या खांद्यावरचा हात सुटला होता. माझ्या मनात एकच, पोरगी पडली. मागं पडली, डोक्यावर पडली.

गाडी थांबली. पडली नाही, सरळ उभी थांबली. मी वळून बघितलं तर गौरी सीटवर बसलेली, पांढरीफटक, पण बसलेली. मी तिथंच रडायला लागले. ट्रॅक्टरवाला लांबून ओरडून गेला. गौरीच मला समजावत होती, "मम्मी, काही झालं नाही गं, चल, उशीर होईल."

उरलेला रस्ता मी अगदी हळू काढला. कॉलेजच्या गेटवर ती उतरली, ओढणी नीट करत म्हणाली, "त्यांना थँक्यू म्हणायचं राहिलं बघ."

"कुणाला?"

"अगं, ज्यांनी मागून धरलं मला! गाडी उसळली तेव्हा मी मागं पडलेच होते, पाय वर गेले होते. त्यांनी कमरेला हात घालून ओढून बसवलं ना. तिथले शेतातले कुणी असतील."

रस्त्यावर आमच्या मागे कुणीही नव्हतं. मी वळून बघितलं होतं, खडी आणि मोकळा रस्ता. आणि चालत्या गाडीवरच्या पोरीला खालून कोण धरणार?

"बाई होती का माणूस?" मी विचारलं. 

"बघितलं नाही गं. हात तेवढा जाणवला. घट्ट होता एकदम." आणि ती आपला वर्ग शोधत आत गेलीसुद्धा.

मी पुन्हा गाडीवर बसले. गौरी उतरली होती... गाडी मागून तेवढीच जड होती. आरसा मी वर आभाळाकडे वळवला आणि घरी आले.

गाडी विकली का, असं विचारणार तुम्ही. नाही विकली. महेश तिला हात लावत नाही, आणि ह्यांना अजून काहीच माहीत नाही. नणंदेला सांगितलं असतं तर ती कुणाकडे तरी घेऊन गेली असती, कुणी उपाय सांगितला असता. आणि तो उपाय लागू पडला तर? मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण तो हात नसता तर माझ्या पोरीचं काय झालं असतं, हे मनात आलं की भीती बाजूला राहते आणि डोळे भरून येतात. ते कोण आहे, त्याला आमच्याकडून काय हवंय, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला शास्त्रीय कारण माहीत असेल तर जरूर सांगा, मी सगळं ऐकून घेईन.

तोवर रोज सकाळी गौरी बसायला लागली की मी एवढंच म्हणते, "जरा पुढे सरकून बस."

"मागं एवढी जागा आहे की," ती म्हणते. मी किक मारते.