चोविसातली दोन तिकिटं

माझ्या साडूने मला फसवलं. भडगावात, जळगावात आणि धुळ्याच्या निम्म्या बाजारात हे उलटं सांगितलं जातं, म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवतो. त्याने मला फसवलं, मी त्याला नाही.

मी बारदानवाला. शहरातल्या लोकांसाठी सांगतो, बारदान म्हणजे रिकामी पोती. जुनी पोती घ्यायची, झटकायची, दाभणाने शिवायची, मिरचीवाल्यांना आणि भुईमूगवाल्यांना विकायची. वडिलांकडून मला वारसा म्हणून फक्त आवाज मिळाला. एका पिठाच्या गिरणीतून दहा फाटकी पोती उचलून मी सुरुवात केली आणि ऐंशीच्या सुमाराला धुळ्यात मार्केट यार्डाच्या बाहेर माझी स्वतःची ताडपत्री होती. दुकान नव्हे, ताडपत्री. पाऊस आला की माल भिजायचा, आणि भिजलेल्या पोत्याला जो वास येतो तो गिऱ्हाईक भावातून कापतं.

आमच्या धंद्यात शेकडा म्हणजे एकशे चार. पैसे शंभरांचे घ्यायचे, चार वर द्यायची. ही चार काही धर्मादाय नसतात, भावात आधीच धरलेली असतात, हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. गठ्ठ्यातली सगळ्यांत फाटकी चार असतात तीच वर टाकायची, हेही दोघांना माहीत असतं. तरी मागायची. न मागता शंभर मोजून नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो तपासणीला आलेला साहेब होता.

साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, जळगावला केळीच्या एका व्यापाऱ्याकडे मुनीम होता. मॅट्रिक पास. हे त्याने कोणाला विसरू दिलं नाही. मालकाच्या वसुलीसाठी तो दर शनिवारी रेल्वेने मुंबईला जायचा आणि रविवारी दुपारी, वसुली पोटाशी बांधून, रेसकोर्सवर हजर व्हायचा. मालकाला वाटे, मुनीम नातेवाइकांकडे जेवतो.

एकदा तो धुळ्याला आला आणि माझ्या पोत्यांच्या थप्पीवर बसून त्याने मला शहाणं करायला घेतलं.

"साडूभाऊ, एक घोडा लावायचा आणि तो पहिला आला की पैसे, हे पोरखेळ. चहापाणी सुटतं फक्त. खरं खेळायचं तर तनाला. पहिले तीन घोडे सांगायचे, आणि ज्या क्रमाने सांगितले त्याच क्रमाने ते यायला हवेत."

"आणि तीन बरोबर, क्रम चुकला तर?"

"तर तिकीट फाडायचं आणि भेळ खायची."

"काहीच नाही? निम्मे पण नाही?"

"काहीच नाही."

"मग हा धंदा आहे का परीक्षा?"

तो हसला. परीक्षा पास झालेल्या माणसासारखा. म्हणाला, शहाणी माणसं म्हणूनच सगळे क्रम विकत घेतात. तीन घोडे निवडले तर त्यांचे सहा क्रम होतात, सहा तिकिटं काढायची. त्या तिघांनी पहिले तीन नंबर कसेही वाटून घेतले तरी एक तिकीट लागतंच. तीन घोड्यांवर भरवसा नसेल तर चार निवडायचे. मग चोवीस तिकिटं.

इथे मी त्याला थांबवलं. एक घोडा वाढला आणि अठरा तिकिटं वाढली? मिरचीच्या बाजारात असा हिशेब कोणी सांगितला असता तर त्याला मी तिथेच तिखट चारलं असतं. मी हमालाला सांगून चार वेगवेगळी पोती आणली, साखरेचं, मिरचीचं, शेंगांचं आणि सिमेंटचं. तीन ओळीत ठेवायची, एक बाजूला. मग बदलायची. पहिल्या जागेवर चारांपैकी कोणतंही, दुसऱ्या जागेवर उरलेल्या तिघांपैकी, तिसऱ्या जागेवर उरलेल्या दोघांपैकी. चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. दिवस मावळेपर्यंत पोती हलवली आणि चोवीसच भरली. हमालाने मला त्या दिवशी जेवलात का म्हणून विचारलं.

पैसे कुठून येतात तेही विचारून घेतलं. सगळ्यांचे पैसे एका ढिगात जातात, रेसकोर्सवाले आपला वाटा उचलतात, उरलेला ढीग बरोबर क्रम सांगणाऱ्यांत वाटला जातो. म्हणजे जो क्रम सगळ्यांना सुचतो त्याला चिमूटभर, आणि जो कोणालाच सुचत नाही त्याला पोतंभर. हे मात्र मला लगेच पटलं. बाजाराचंही तसंच आहे.

त्या हिवाळ्यात माझ्या ताडपत्रीमागचं एक पक्कं गोदाम विकायला निघालं. सुताचा म्हातारा व्यापारी मुलाकडे नाशिकला चालला होता. किमतीतले निम्मे पैसे माझ्याकडे होते. निम्मे नव्हते. बँकेत गेलो तर साहेबांनी माझ्या धंद्याचं नाव ऐकून शिपायाकडे पाहिलं. पुढचा पावसाळा ताडपत्रीखाली काढायचा नव्हता, एवढंच माझं म्हणणं होतं. म्हणून मी साडूला सांगितलं, आण तुझं रेसबुक.

तो मेहुणीला घेऊन माझ्या घरी आला. तीन घोडे त्याच्या पसंतीचे घेतले. एक नंबरचा त्याचा लाडका, मग तीन आणि चार. चौथा माझ्या पसंतीचा, सात नंबर. म्हातारा घोडा, पुष्कळ पळालेला, बऱ्याच दिवसांत जिंकलेला नाही. पण पोतं घेताना मी तेच पाहतो. ज्याने खूप माल वाहिला आणि अजून उसवलं नाही, ते घ्यावं. साडूला एवढं हसू आलं की चहा नाकात गेला.

चोवीस क्रमांची यादी मी स्वतः लिहिली. होण्यासारखे वर, न होण्यासारखे खाली. अगदी तळाला दोन होते, सात-तीन-चार आणि सात-चार-तीन. म्हातारा पहिला आणि लाडका कुठेच नाही. घोडा माझाच, पण मी काही वेडा नव्हतो.

एक तिकीट दहा रुपयांचं. मी दोनशे वीस पुढे केले.

"वीस कमी आहेत, साडूभाऊ."

"दोन वर टाक. बावीसचे पैसे, चोवीस तिकिटं."

"अहो, ती खिडकी आहे. जाळी असते. आत माणूस असतो, तो पैसे मोजतो आणि तिकीट देतो. भाव होत नाही."

"आत माणूस आहे ना? मग होतो."

"मागे रांग असते. ते मला उचलून बाहेर टाकतील."

"मग तू कमी कर. जाण्यायेण्याचा खर्च तुझा मालक देतो, तुला झळ कुठे लागते?"

तासभर चाललं. तीन वेळा मी नोटा परत खिशात घातल्या. एकदा तो पायात चपला घालून दारापर्यंत गेला. दोघी बहिणी आतून ऐकत होत्या. शेवटी तो म्हणाला, "बरं बाबा. बावीसचेच द्या. चोवीस काढतो."

चोवीस काढतो. हे शब्द माझे नाहीत, त्याचे आहेत. माझ्या बायकोनेही ऐकले, आता तिला आठवत नाहीत ही गोष्ट वेगळी.

सोमवारी दुपारच्या एस.टी.ने मुंबईचा पेपर आला. मी उभ्यानेच शेवटचं पान उघडलं. सात-चार-तीन. म्हातारा पहिला आला होता, लाडका धापा टाकत मागे कुठेतरी. असा क्रम मुंबईत जवळजवळ कोणालाच सुचला नव्हता, त्यामुळे खाली जो आकडा छापला होता तो वाचून मी पेपर घडी घालून पोत्याखाली ठेवला, कोणी पाहू नये म्हणून. गोदामाची उरलेली निम्मी किंमत त्यात बसत होती आणि वर पेढे सुटत होते.

पेढे मी लगेच वाटले. मग सुताच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊन गोदामाचा विसार दिला. तिथेही भाव सोडला नाही. महिन्यात सगळे पैसे देतो, न दिल्यास विसार बुडाला, अशी अट मीच घातली आणि तिच्या जोरावर किंमत आणखी उतरवून घेतली. म्हातारा म्हणाला, तुमच्यासारखा रोखठोक माणूस पाहिला नाही. खरं होतं.

मंगळवारी पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचलो. साडू जेवायला बसला होता, कळण्याची भाकरी आणि भरीत. मलाही ताट वाढलं. साडूने भिंतीवरच्या पिशवीतून रबर लावलेली तिकिटं काढून माझ्यापुढे ठेवली.

"बावीस आहेत. मोजून घ्या."

मी दोनदा मोजली. बावीस होती. सात-चार-तीन नव्हतं.

"उरलेली दोन?"

"ती माझी."

"तुझी कशी?"

"खिडकीवर सूट नाही म्हणून सांगितलं होतं ना. ते वीस रुपये मी घातले. माझे पैसे, माझी तिकिटं."

"तू मला दोन वर टाकलीस."

"वर टाकायला मी काय रेसकोर्सचा मालक?"

"चोवीस काढतो म्हणालास."

"काढली की. बावीस तुमची, दोन माझी. किती झाली?"

"आणि नेमकी हीच दोन तुझी?"

"तुमच्याच यादीत तळाला होती." भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "तुम्हीच सांगता ना, वर टाकायची ती नेहमी फाटकी. मी म्हटलं, पाहुण्याला फाटकं कशाला द्या. चांगली बावीस तुम्हाला, फाटकी मला."

यानंतर मी ताट फेकलं, हे खरं आहे. ते भिंतीला लागलं, त्याला नाही. भरीत भिंतीवरून खाली येत होतं आणि मेहुणी उलथन्याने ते खरवडत होती. तेव्हापासून या प्रकरणाची सांगण्याची पद्धत बदलली. घोडा, तिकीट, चोवीस, बावीस, सगळं मागे पडलं. लोकांना भरीत लक्षात राहिलं.

महिना संपला. विसार बुडाला, माझ्याच अटीने, आणि गोदाम एका सिमेंटवाल्याने घेतलं. साडूने स्कूटर घेतली. माझ्या बायकोला त्याने सोनगीरचा पितळी हंडा पाठवला, मन मोठं असल्यामुळे. तिने ठेवून घेतला. म्हणाली, "वीस रुपये दिले असते तर?" मी त्या दिवशी हंड्यातलं पाणी प्यायलो नाही. दुसऱ्या दिवशी प्यायलो, घरात दुसरं पाणी नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी भडगावला माहेरी गेल्या, पाठोपाठ आम्ही जावईही. बायका झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि मी सासऱ्यांपुढे कज्जा मांडला. आबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी जन्मात घोड्यावर पैसा लावला नव्हता, बैलावरही जपूनच. मी विचारलं, "आबा, शेकड्याच्या वरची चार पोती कोणाची? देणाऱ्याची का घेणाऱ्याची?"

आबा विडी पेटवत म्हणाले, "ज्याना पैसा, त्याना घोडा."

"पैसा त्याचा म्हणून घोडा त्याचा? आणि त्याने शब्द दिला होता तो?"

"मंग भरीत कसाले फेकं?"

झाला निकाल. साडू मान खाली घालून बसला होता, आज्ञाधारक जावयासारखा. उठताना त्याने आबांच्या पाया पडून घेतलं. त्या वर्षी त्याला धोतरजोडी मिळाली, मला टोपी.

ताडपत्रीखाली मी आणखी चार पावसाळे काढले. नंतर गोदाम घेतलं, मग दुसरं घेतलं, घोड्याच्या मदतीशिवाय. आता आबा नाहीत. साडू रिटायर होऊन जळगावातच आहे आणि लग्नाकार्यात नव्या जावयांना सांगतो, आमचे साडूभाऊ, वीस रुपये वाचवायला गेले आणि गोदाम घालवून बसले. सगळे हसतात. मीही घासाघिशीत चुकलो असेन. खिडकीवर भाव होत नाही हे मला नंतर समजलं, ते मी मान्य करतो. पण हसणाऱ्यांपैकी एकानेही त्याला विचारायला हवं होतं ते विचारलेलं नाही.

तर आता मीच विचारतो, आणि उत्तर लेखी हवं. चोवीस तिकिटं तू एका खिडकीवर, एका वेळी, माझ्या यादीवरून काढलीस. त्या यादीतल्या शेवटच्या दोन ओळी तुझ्या झाल्या त्या कधी? घोडे पळायच्या आधी, का पळून झाल्यावर? आधी झाल्या असतील, तर शर्यत सुटण्यापूर्वी तू ती दोन तिकिटं वेगळ्या खिशात ठेवताना पाहिलेला एक माणूस माझ्यासमोर उभा कर. आणि नंतर झाल्या असतील, तर माझं गोदाम कुठे आहे ते सांग.