शिवारातली एकटी ज्वारी

लढाईच्या साली आमच्या गावात दवंडी पिटली: कपाशी कमी करा, ज्वारी पेरा, बाहेरून दाणा येणार नाही. चावडीवर साहेब बोलले तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या लोकांना मान हलवायला काय जातं? पेरणीला ज्यानं त्यानं सडकेच्या कडेला दोन-चार तासं, म्हणजे ओळी, ज्वारीची घातली, साहेबाला बैलाच्या दमणीत बसल्या बसल्या दिसावी एवढीच. त्याच्या मागं थेट धुऱ्याच्या बांधापर्यंत कपाशी.

मी मात्र अख्खं वावर ज्वारीचं केलं. यात शहाणपण काही नव्हतं. कपाशीला वेचणाऱ्या बाया पाहिजेत, गाडी जुंपून कापूस सरकी काढायला जिनावर न्यायला माणूस पाहिजे, आणि माझ्या घरात माणूस म्हणजे मीच. मालक आदल्या साली हिवतापानं गेले होते. लेकरूबाळ नव्हतं. ज्वारी निदान घरी आणून खाता तरी येते.

शेजारचं वावर भासऱ्यांचं, म्हणजे मालकांच्या थोरल्या भावाचं. आमच्यात भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाहीत. त्यांनी जावेला सांगायचं आणि मी दाराआडून ऐकायचं. तसंच एकदा ते जावेला म्हणाले, "तिले सांग, औंदा पिकलं त ठीक. नाही त भावाच्या घरी जाय म्हणा, वावर मी पाहीन." मी हातभर अंतरावर उभी होते. पण जन्मभर भावजयीच्या चुलीतली राख काढायला मी काही जाणार नव्हते.

ज्वारी झकास आली. पण दाणा दुधात आला आणि माझे डोळे उघडले. सगळ्या शिवारात कपाशी, कणसं तेवढी माझ्या वावरात. मग पाखरांनी जावं कुठं? पूर्वी घरोघरी थोडी थोडी ज्वारी असायची, तेव्हा पाखरंही वाटली जायची. आता चिमण्या, राघू, साळुंक्या, सगळं लटांबर माझ्याच उरावर. रिसोडापासून रिठदपर्यंतच्या पाखरांना कोणी आवतन दिलं होतं देव जाणे.

मी बल्ल्या रोवून मचाण बांधलं आणि तिथंच बसले. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत गोफण फिरवायची नाही तर घासलेटचा रिकामा डबा वाजवायचा. तळहात सोलून निघाले. पहिले काही दिवस मेल्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. पुढं पुढं शिव्यांमधून दुसरंही काही बोलू लागले: मालकांना भाकरी कडक लागायची, आज अंगात कसकस आहे, असलंच काहीबाही. ऐकायला दुसरं होतं कोण? हुर्ड्याच्या दिवसांत एकदा गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, कणसं भाजली. हुर्डा का एकटीनं खायची गोष्ट आहे? दोन घास गेले आणि रडू फुटलं. उरलेला पाखरांनाच टाकला, अन् पुन्हा गोफण उचलली.

निम्म्याहून जास्त दाणा घरात आला. उन्हाळ्यात बाजारात ज्वारी मिळेना. लोकांच्या घरी कापसाचे पैसे होते, पण पैसे काही चुलीवर शिजत नाहीत. एका सकाळी भासरे रिकामी टोपली घेऊन माझ्या दारात आले. जाऊ सोबत नव्हती. खाली मान घालून मलाच म्हणाले, "दाणे हायेत काय?" मी टोपली भरून दिली. त्यानंतर वावराचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. त्या दिवशी मी जेवले नाही, नुसती आनंदात घरभर फिरत राहिले.

पुढच्या साली दवंडीची गरजच पडली नाही. ज्यानं त्यानं आपणहून ज्वारी पेरली, शिवारात घरागणिक मचाण झालं, लेकराबाळांचे हाकारे घुमू लागले. पाखरं वाटली गेली. माझ्या वाट्याला एखादी चुकार चिमणी, तीही दोन दाणे टिपून पलीकडं. पीक भरघोस होतं, वावर माझं होतं, पण शिव्या द्यायलाही कोणी उरलं नव्हतं आणि दिवस काही केल्या सरत नव्हता.

एका दुपारी मी डबा घेतला आणि वाजवत बसले. पलीकडच्या मचाणावरून जावेनं विचारलं, "काहून वो, तुह्या वावरात त एक पाखरू नाही. डबा कायले वाजवून राह्यली?"

मी डबा दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा वाजवू लागले.