देवीच्या कपाळावरचं बोट

"चांदीला बोट चालत नाही," असं गोटीराम येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायचा. नाशकात भद्रकालीच्या एका बोळात त्याचं चांदीचा मुलामा देण्याचं दुकान होतं.

नवसाबाईनंही ते ऐकलं होतं. तरी तिच्या हातून घडलंच. कळवणकडच्या आपल्या वाडीच्या देवीचा पितळी मुखवटा ती घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी निघायची होती. गोटीरामनं मुखवटा घासून, धुऊन लख्ख केला आणि तो मुलाम्याच्या टाकीच्या विजेच्या तारा बघायला वळला. देवी उघड्या कपाळानं पाण्यात कशी उतरेल? नवसाबाईनं तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यानं टेकवलं आणि पदरानं लगेच पुसलंही.

टाकीतून मुखवटा वर आला तो दुधासारखा पांढरा. कपाळावर मात्र अंगठ्याएवढा पिवळा डाग.

गोटीरामनं डागाकडे पाहिलं, मग तिच्या अंगठ्याकडे. "लावलंत ना?"

"एवढुसंच, भाऊ. तिथं कुंकूच तर लागनार हाय. कोन बघतंय?"

"तेलावर चांदी धरत नाही, बाई. तिथून पापुद्रा सुटेल आणि दिवाळीपर्यंत देवी सोलून निघेल. मग अख्खी वाडी मला शिव्या घालेल!"

भारनियमनाचे दिवस होते. चारला लाईट जायची, आणि तीन तर वाजून गेले होते. गोटीरामनं मुखवटा परत टाकीत सोडला आणि तारा उलट्या जोडल्या.

"आता काय करता?"

"वीज सोडली की टाकीत टांगलेल्या या पट्टीची चांदी पाण्यात विरघळते आणि मुखवट्यावर येऊन बसते. तारा फिरवल्या की आल्या वाटेनं माघारी जाते."

बघता बघता देवीचा चेहरा काळवंडला. "मधीच लाईट गेली तर?"

"तर उद्या पालखीत काळी देवी. आता बोलू नका."

त्यानं मुखवटा पुन्हा घासला. कपाळावरून पाणी कुठंही न फुटता एकसंध ओघळलं, म्हणजे तेल उरलं नव्हतं, तेव्हाच त्यानं तारा सरळ जोडून तो टाकीत सोडला. नवसाबाईनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. हळूहळू कपाळ उजळू लागलं. टाकीवरचा विजेचा दिवा थरथरला, सावरला, आणि विझला.

गोटीरामनं मुखवटा धुऊन दारात, उजेडात धरला. डाग नव्हता.

"थर जरा पातळ बसलाय. चिंच लावून घासू नका. आता लावा बोट."

तो हात धुवायला बोळातून नळाकडे निघाला, टाकीतलं विषारी पाणी लागलेले हात नेहमीसारखे अंगापासून लांब धरून. पायरीवर मुखवटा मांडीवर घेऊन बसलेली नवसाबाई तो वळणाआड जाईपर्यंत त्या हातांकडे पाहत राहिली. तिचा अंगठा अजून पदरातच होता.