मधली खोली, खालचा मजला

बोटीवरून उतरलो तेव्हा माझ्याकडं मोजकेच किस्से होते. आता आळेफाट्याच्या हॉटेलात चहाला बसलं की दर खेपेला एक नवा ऐकायला मिळतो. परवा एकानं सांगितलं, आमच्या नानानं कॅप्टनला बाजूला सारून बोट चालवली. सांगणारा बोटीवर नव्हताच!

मी फार शिकलेलो नाही, फार बोलतही नाही. पण बोटीवर मी होतो. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका.

माणसं पाचच. मी आणि आमची हौसाबाई, राहणार बोरी बुद्रुक. आमचे व्याही तात्या आणि विहीणबाई, राहणार अवसरी बुद्रुक. आमची लेक त्यांच्या घरी दिलेली आहे. मुंबईहून समुद्रात फिरवून आणणाऱ्या मोठ्या बोटीची तिकिटं लेक आणि जावई दोघांनी मिळून काढली. पाचवा नाना, माझा शेजारी. यात्रेत बैलगाडे पळतात तेव्हा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, माईकवर ओरडायचं काम तो करतो. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो आपल्या खर्चानं आला.

* * *

पहिला वाद आळेफाट्यालाच झाला. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पोरीनं बोटीचा नकाशा टेबलावर पसरला. बाल्कनीची खोली, खिडकीची खोली आणि आतली, बिनखिडकीची खोली.

तात्यांनी नकाशावर बोट आपटलं. "बाल्कनी! सगळ्यात वर, सगळ्यात पुढं!"

मी म्हणालो, "आतली. खालचा मजला, बरोबर मधली."

पोरगी म्हणाली, "आजोबा, बाल्कनीचे पैसे तर भरलेत. बाल्कनी घ्या ना!"

मी तिला विचारलं, "एसटीनं कधी गेली आहेस का? शेवटच्या सीटवर बसून बघ. मग मधल्या सीटवर बस. मग मला सांग."

तात्या हसले. "पावणं, कांद्याच्या बराखीत झोपायची सवय हाय तुमाला. तुमाला बाल्कनी कशाला?"

बराख म्हणजे आमची कांदा साठवायची जागा. अंधारी असते.

हौसाबाई घरी आल्यावर बोलली. "आख्खा जलम चुलीपुढची भिंत बघितली. आता समुद्रात जाऊन बी भिंतच बघू व्हय? मला दिस उगवताना बघायचाय. पाण्यातनं."

"वर डेक आहे. तिथं जाऊन बघ."

"आपल्या खोलीतनं बघायचाय!"

मी नकाशा दुमडला. एकदा ठरवलं ते ठरवलं.

* * *

बोट सुटायच्या आधी सगळ्यांना गोळा करून लाइफ जॅकेट घालायला लावतात. एक पोरगी हिंदीत समजावत होती. काही झालं तर पहिल्यांदा मुलं आणि बायका होडीत बसणार, मग बाकीचे.

तात्यांनी हात वर केला. "आन मुलाकडची माणसं कितव्या नंबरला?"

तिला काही समजेना. तात्यांनी खुलासा केला. "मी मुलाचा बाप. हे मुलीचे वडील. आमचा मान आधी आसतो."

पोरगी हसली नाही. म्हणाली, "अंकल, लाइफबोट में सब बराबर."

लेकीच्या लग्नापासून हे वाक्य कोणीतरी तात्यांना ऐकवावं म्हणून मी थांबलो होतो!

* * *

बोटीवर पोहायचा तलाव आहे. नाना काठावर उभा राहून बराच वेळ बघत होता. "समुद्रात बोट, बोटीत परत पाणी! ह्यांना पाणी पुरत न्हाई का काय?"

नानाचं पोहणं विहिरीतलं. त्यानं सदरा काढला, चार पावलं मागं गेला, धावत आला आणि गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला. तलावातलं पाणी काठावरच्या खुर्च्यांवर. खुर्च्यांवरची माणसं उठून उभी. शिट्टी फुंकत रखवालदार पळत आला.

नाना वर आला तो कंबर चोळत. "ह्या विहिरीचा तळ लई वर हाय राव!"

आता भांडण होणार म्हणून मी पुढं झालो. तर भिजलेल्यांतला एक मुंबईचा गृहस्थ म्हणाला, "काका, पुन्हा एकदा मारा! शूटिंग राहिलं."

रखवालदारानं नानाला परत उडी मारू दिली नाही. मग नानानं काठावर बसून शिकवायला सुरुवात केली. हात कुठं, गुडघे कुठं, हनुवटी कुठं. शिकणाऱ्यांत बँकेतले साहेब होते. शेवटी तो शिट्टीवालासुद्धा विचारायला लागला, "हनुवटी छातीला लावायची ना?"

* * *

दुसऱ्या दिवशी समुद्रानं अंग हलवलं. आमच्या खोलीत टेबलावरच्या ग्लासातलं पाणी जरा डुललं, तेवढंच. विहीणबाई खाली आल्या. चेहरा उतरलेला.

"ह्यांनी बाल्कनीचा पडदा लावून घेतलाय. समुद्र दिसला की पोटात ढवळतंय म्हणत्यात. मला बी बघू देत न्हाईत."

मी वर गेलो. तात्या लिंबू चोखत पडले होते. खोली पाळण्यासारखी वर जायची, खाली यायची.

"बरं आहे ना तात्या?"

डोळे मिटूनच म्हणाले, "झकास! हवा लई चांगली हाय."

खाली येऊन मी हौसाबाईला सांगितलं, "बघ. आपल्या खोलीत पाणी हललंसुद्धा नाही."

ती चादर झटकत होती. "हललं न्हाई. आन दिसलं बी न्हाई."

खरं म्हणजे त्या खोलीत दिवा मालवला की दिवस कुठला आणि रात्र कुठली ते कळत नव्हतं. घरी कोंबड्याच्या आधी उठणारी हौसाबाई बोटीवर रोज उशिरा उठली. दोन्ही दिवस धावत डेकवर गेली. दोन्ही दिवस सूर्य वर आलेला होता. खाली येऊन नुसती बसायची, भिंतीकडं तोंड करून.

बोटीवर अजून एकच रात्र राहिली होती.

* * *

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डेकवर जोडीनं नाचायची स्पर्धा होती. गाणं थांबत नाही तोवर नाचायचं. जी जोडी थांबली ती बाद. शेवटपर्यंत टिकेल तिला त्या रात्रीपुरती बोटीतली सगळ्यात मोठी बाल्कनीची खोली.

हौसाबाईनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "मी नाचत नाही."

"ठावं हाय मला."

ती उठली ती सरळ विहीणबाईंपुढं जाऊन उभी राहिली. लग्नातल्या मानपानापासून या दोघी एकमेकींशी मोजून मापून बोलायच्या. हौसाबाई म्हणाली, "ईनबाई, पदर खोचा."

माईकवाल्या पोरानं अडवलं. "आंटी, कपल चाहिए. हसबंड कुठे आहेत?"

विहीणबाई म्हणाल्या, "एक नाचत न्हाई, एक उठत न्हाई. आमचंच नाव घाल!"

गाणं इंग्रजी होतं. दोघींनी हात तिढ्यात घेतले, पायाला पाय लावले, अंग मागं टाकलं आणि फुगडी धरली. लोक हसले. तेवढ्यात बोट कलली. नाचणारी पोरंपोरी एकमेकांवर आदळली. अर्ध्या जोड्या तिथंच बाद. या दोघींचा तोल मात्र एकमेकींच्या हातात होता. खालची फळी हलली काय आणि राहिली काय!

बोट पुन्हा कलली. समोर उरली फक्त एक नुकतंच लग्न झालेली जोडी.

नानाला राहवलं नाही. त्यानं त्या पोराच्या हातातून माईकच ओढून घेतला. "आली आली आली! बोरीची उजवी, अवसरीची डावी! कोणी आडवं येऊ नका! भिर्रर्रर्र!"

सगळा डेक ओरडला, "भिर्रर्रर्र!"

नवरा मुलगा डोकं धरून खाली बसला. मी माझी टोपी हवेत उडवली. ती समुद्रात गेली. जाऊ दे!

पोरानं हौसाबाईच्या हातात खोलीचं कार्ड ठेवलं. मी उठलो. म्हणालो, "चल. पिशवी मी घेतो."

"तुमी कुटं?" ती म्हणाली. "तुमची मधली खोली चांगली हाय की. जोडी आमची जिंकली."

आणि दोघी विहिणी हातात हात घालून निघून गेल्या.

मी खाली येऊन दार लावतोय तोच टकटक झाली. तात्या. बगलेत उशी.

"पावणं, बराखीत जागा हाय का?"

मी बाजूला सरलो.

तात्यांना पडल्या पडल्या झोप लागली. जाग आली तेव्हा खोलीत मिट्ट काळोख होता. अंधारातून तात्यांचा आवाज आला. "राव, आज झोप लागली बघा. खोली एक नंबर निवडली तुमी!"

हे ऐकायला मी आळेफाट्यापासून थांबलो होतो. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात उशाशी फोन वाजला.

हौसाबाई होती. मागं विहीणबाईंचं हसणं ऐकू येत होतं.

"दिस उगवलाय," ती म्हणाली. "तुमाला तिथं कळायचं न्हाई, म्हणून सांगितलं."