कच्ची गाठ

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. देवापुढं उभी राहिले तरी दुसरंच काहीतरी पुटपुटते. आता दार लावून लिहितेय — आणि कान ओट्याकडं आहेत. कुणी आलं तर?

माझी धाकटी जाऊ शोभा. तिचा उजवा हात मनगटाजवळ वाकडा आहे. हळदीकुंकवाला गेलं की ती पदर हातावर ओढून घेते. घरात सगळे म्हणतात, हिनं स्वतःच्या हलगर्जीपणानं हात घालवला. ते तसं का म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

आम्ही दोघी द्राक्षाची कलमं भरायला टोळीत जायचो. ती काडी तासून खुंटात बसवायची, मी वरून प्लास्टिकची पट्टी बांधायचे. बोलणं सगळं तिचं — मुकादमाशी, बायांशी. मी तिच्या मागं. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी पदराचं टोक चघळत बसते. हसाल तुम्ही, पण बसते.

त्या हंगामात ती बांधावरून घसरली आणि हात मोडला. नाशिकच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, दिवाळीपर्यंत काढू नका म्हणाले. मुकादमानं मला एका अनोळखी गड्याच्या जोडीला लावलं. बाया टोमणे मारायच्या, "ही मुकी कुणाची गं? हिला खुणेनंच सांगायचं का?" रोज पिकअपमध्ये चढताना रडू यायचं. मला शोभा परत हवी होती. तिच्यासाठी नाही — माझ्यासाठी.

कलमाचं असं असतं — काही दिवसांनी कापाच्या जागी फुगीर गाठ धरते. ती बोटाला लागली की सांधा जुळला समजायचं आणि पट्टी सोडायची, नाहीतर पट्टी खोडात रुतते. शोभाच्या हाताची सूज उतरून प्लास्टर सैल झालं होतं. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी बोट आत सारलं. टणक गाठ लागली.

"शोभे, सांधा जुळला गं तुझा."

"खरंच का अक्का? डॉक्टर तर नाय म्हणले."

"त्यांनी कुठं हात लावून बघितलाय?"

"मग काढ बाई. लय खाजतंय."

मी प्लास्टर भिजवलं आणि कलमाच्या चाकूनं कापलं. माणसाचं हाड म्हणजे काय द्राक्षाचा खुंट होता? पण हे तेव्हा कळत नव्हतं, असं म्हणू का? मनात धाकधूक होती. तरी कापलं.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं — तिनंच धुणं धुताना भिजवलं, गळून पडलं. शोभानं माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं बघितलं.

ती कामावर आली. जाड खुंट चिरताना चाकूवर जोर दिला आणि मनगट धरून खाली बसली. दवाखान्यात म्हणाले, गाठ कच्ची होती, हाड वाकलंय, ऑपरेशन करा. तेव्हा शोभाचा नवरा, माझा दीर, ऑपरेशनला नाही म्हणाला, "स्वतःच्या हातानं केलंय, आता भोगू दे." मी तिथंच उभी होते, त्याच्या शेजारी. एक वाक्य बोलले असते तर तिचा हात सरळ झाला असता. त्या दिवशी लाज नव्हती, भीती होती — मला घराबाहेर काढतील याची.

ती भीती गेली नाही. शोभा कुणाशी हळू बोलली की मला वाटतं, आज सांगतेय.

आता तिची मुलगी नर्सिंग शिकते. परवा स्वयंपाकाच्या वेळी तिनं आईचं मनगट दाबून बघितलं आणि विचारलं, "आई, याचं प्लास्टर इतक्या लवकर कुणी काढलं?"

माझे हात पिठात होते.

"मीच भिजवलं गं," शोभा म्हणाली. "अक्का नको नको म्हणत होती."

पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, "काकू, मग तुम्ही हिला रागवायचं ना."

मी "हो" म्हणाले आणि भाकरी थापत राहिले.